जुने एअर-कूल्ड डिझेल इंजिन: ऑइल आणि फिल्टरची निवड

एअर-कूल्ड पंपसेटमध्ये सिलिंडरभोवती पाणी खेळत नाही. उष्णता बाहेर काढण्याचे काम फिन्सवरची हवा आणि आतले ऑइल करते. त्यामुळे उन्हाळी पिकाला पाणी देताना चुकीच्या किंवा कमी ऑइलवर इंजिन चालवले, तर पिस्टन जाम होऊ शकतो.

ऑइल निवडताना

- डिझेल इंजिनचेच ऑइल घ्या. डब्यावर एपीआय सीएफ-४ किंवा त्यापुढचा दर्जा पाहा.
- तापमान ४० अंशांवर जाणाऱ्या भागात एसएई ४० किंवा २०डब्ल्यू-४० योग्य ठरते. माहितीपुस्तिकेत वेगळा ग्रेड असल्यास तोच वापरा.
- डिझेल इंजिनचे ऑइल काजळीमुळे लवकर काळे होते. म्हणून रंगावर न जाता पुस्तिकेत दिलेल्या तासांनुसार बदला. चाललेले तास वहीत लिहा.
- जुने ऑइल इंजिन कोमट असताना काढा. गाळही निघून येतो.

फिल्टर सांभाळताना

- ऑइल-बाथ एअर क्लीनरची वाटी खुणेपर्यंतच भरा. जादा ऑइल आत ओढले गेल्यास इंजिन बेफाम पळू शकते.
- वाटीत गाळ साठला की ती डिझेलने धुवून नवे ऑइल भरा. मळणीच्या दिवसांत रोज तपासा.
- कागदी फिल्टर धुवू नका, बदला. धूळ आत गेली की रिंग आणि लायनर झिजतात.

रोज इंजिन सुरू करण्यापूर्वी सपाट जागेवर ऑइलची पातळी पाहा आणि फिन्समधला कचरा काढा.