पिंगट केस काळे का होतात?



पाळण्यातल्या मुलाचे जावळ पुष्कळदा पिंगट असते. उन्हात धरले तर सोनेरीसुद्धा दिसते. तेच मूल पाटी-दप्तर घेऊन शाळेला जाऊ लागते, आणि बघता बघता केस काळे होतात. कोणाला आनंद होतो, तर कोणाला चुटपुट लागते की, तो सुंदर रंग कुठे गेला? याच्या उलटही घडते. जन्मापासून काळेभोर केस असलेले एखादे मूल हळूहळू तांबूस दिसू लागते. पहिली गोष्ट निसर्गक्रमाची आहे. दुसरी कधी साधी असते, तर कधी फार गंभीर. या दोहोंतला फरक आईबापांना आणि विशेषतः शिक्षकांना कळायला हवा, म्हणून आज हा विषय घेतला आहे.

आधी केसाला रंग येतो कुठून ते पाहू. केसाचे मूळ कातडीच्या आत कांद्यासारखे फुगीर असते. तिथे रंग तयार करणाऱ्या बारीक पेशी असतात. त्या जे रंगद्रव्य बनवतात त्याला मेलॅनिन म्हणतात. त्याचे दोन प्रकार आहेत: एक काळे-तपकिरी, दुसरे तांबूस-पिवळे. काळे द्रव्य भरपूर असले की केस काळा, ते कमी पडले की पिंगट, आणि फारच थोडे असले की सोनेरी. केस कातडीबाहेर आला की तो निर्जीव होतो. नखासारखाच म्हणा ना! त्यानंतर त्यात नवा रंग भरला जात नाही. म्हणजे रंगाचा कारखाना मुळाशी, आणि बाहेर दिसतो तो तयार माल.

आता लहानपणी केस पिंगट का? तर हा कारखाना जन्मतः पुरा जोरात चालू झालेला नसतो. मूल वाढते तसा तो वेग घेतो. वयात येताना शरीरात जे बदल होतात, त्यांनीही केसांचा रंग गडद होतो. युरोपात सोनेरी केसांची कितीतरी मुले दहा-बारा वर्षांची होईपर्यंत तपकिरी केसांची होतात. आपल्याकडे रत्नागिरीकडून येऊन पार्ले-मुलुंडला स्थायिक झालेल्या काही घराण्यांत घारे डोळे आणि पिंगट केस दिसतात. तिथेही नातवाचे सोनेरी जावळ आजोबांसारखे गडद तपकिरी होऊन थांबते. हा रंग आईबापांकडून आलेला असतो. त्यात रोग नाही की दोष नाही.

पिंगट केस म्हणजे गोऱ्या साहेबाचे रक्त, असेही कोणी खुशाल बोलून जातो. ते खरे नव्हे. पॅसिफिक महासागरात सॉलोमन बेटे आहेत. तिथल्या माणसांची कातडी काळी, पण शंभरात पाच ते दहा जणांचे केस चक्क सोनेरी. शास्त्रज्ञांनी 2012 साली दाखवून दिले की, याला कारण असलेला आनुवंशिक फरक युरोपातून आलेला नाही. तो त्या लोकांतच निर्माण झालेला आहे. तेव्हा केसांच्या रंगावरून कोणाचे कूळ काढत बसू नये.

केस फिके होण्याचे दुसरे साधे कारण म्हणजे ऊन. उन्हातले अतिनील किरण केसातल्या रंगद्रव्याची मोडतोड करतात. वेसावे, मढ, गोराई इथल्या कोळीवाड्यांत दिवसभर किनाऱ्यावर खेळणारी पोरे पाहा, किंवा आपल्या गावाकडची गुरांमागे हिंडणारी पोरे पाहा. केसांची टोके तांबूस, राठ, पण मुळाशी केस काळा. ही खूण ध्यानात ठेवा. टोके जुनी असतात, त्यांनी वर्षभराचे ऊन खाल्लेले असते. मुळाजवळचा केस नवा असतो. डोक्याला टोपी-रुमाल असला आणि खोबरेल तेलाचे बोट लावले तर केस सांभाळले जातात. खोबरेल तेल केसाच्या आत शिरते आणि धुताना होणारी केसांची झीज कमी करते, असे मुंबईच्या मॅरिको कंपनीतील संशोधकांनी 2003 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत दिसून आले. ही कंपनी स्वतः खोबरेल तेल विकते, हेही सांगायला हवे.

जावळ काढले की केस काळे आणि दाट येतात, अशी समजूत घरोघरी आहे. वस्तरा कातडीच्या वरून फिरतो, मूळ आत सुरक्षित राहते. मग फरक का दिसतो? एक तर उन्हाने विटलेली टोके निघून जातात. दुसरे, कापलेल्या केसाचे टोक बोथट असल्याने तो जाड भासतो. आणि तिसरे म्हणजे मधल्या काळात मूल मोठे झालेले असते. संस्कार म्हणून जावळ जरूर काढा, पण रंगाचे श्रेय वस्तऱ्याला देऊ नका.

आता तुम्ही म्हणाल, पिंगट केस पिंगटच राहावेत यासाठी काही उपाय आहे का? मुळातला कारखाना मंद ठेवील असे कोणतेही तेल, पाला किंवा औषध नाही. ‘पी हळद आणि हो गोरी’ असे इथे चालत नाही. जे काही करता येते ते बाहेर आलेल्या केसावर. अंधेरी-बोरिवलीच्या पार्लरांत केस सोनेरी करतात, ते हायड्रोजन पेरॉक्साइड लावून. हे रसायन केसात शिरून रंगद्रव्य तोडते. पण केस महिन्याला सुमारे एक सेंटीमीटर वाढतो. म्हणजे महिन्याभरात मुळाशी काळी रेघ उमटते, आणि पुन्हा रसायन, पुन्हा खर्च! दर खेपेला केस अधिक कोरडा व ठिसूळ होतो. लिंबाचा रस लावून उन्हात बसण्याचा घरगुती उपायही धोक्याचा आहे. लिंबू आणि ऊन मिळून कातडी भाजते, फोड येतात, काळे डाग पडतात.

मोठ्या माणसाने हौसेने केस सोनेरी केलेच, तर ते टिकवण्यासाठी डोके उन्हापासून झाकावे आणि पाण्याकडे लक्ष द्यावे. विहिरीच्या किंवा बोअरच्या पाण्यात लोह असेल तर फिका केस मळकट, पिवळट होतो. पोहण्याच्या तलावातल्या पाण्यात तांब्याचा अंश असेल तर त्यावर हिरवट झाक येते. तलावात उतरण्यापूर्वी केस साध्या पाण्याने चिंब भिजवावेत, म्हणजे ते तलावाचे पाणी कमी शोषतात. बाहेर आल्यावर लगेच धुवावेत. लहान मुलांच्या डोक्याला मात्र ही रसायने लावू नयेत. त्यांची कातडी नाजूक असते, आणि डोळ्यात थेंब उडाला तर मोठी इजा होते.

आता त्या दुसऱ्या, गंभीर गोष्टीकडे वळू. मेलॅनिन ज्यापासून बनते तो टायरोसिन नावाचा घटक प्रथिनांत असतो. प्रथिने म्हणजे डाळ, दूध, अंडी, मासे, शेंगदाणे यांतले पोषण. मुलाला ते पुरेसे मिळाले नाही की शरीर पहिल्यांदा जीव सांभाळते. केसांचा रंग आणि बळकटी मागे पडते. डॉक्टर सिसिली विल्यम्स या बाईंनी आफ्रिकेत, आजच्या घाना देशात, अशा मुलांच्या आजाराचे वर्णन 1933 साली केले. तिथल्या भाषेतले त्याचे नाव क्वाशिओरकोर. दुसरे बाळ जन्मल्यावर आईच्या अंगावरून तुटलेल्या मुलाला होणारा आजार, असा त्याचा अर्थ. नाव परके असले तरी दुखणे आपल्याला परके नाही. जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी येथे 1992 साली झालेले बालमृत्यू महाराष्ट्र विसरलेला नाही. आणि हे फक्त डोंगरातच घडते असेही नाही. उपनगरांच्या दाट झोपडवस्त्यांतही कुपोषित मुले आढळली आहेत.

या आजारात केस विरळ, निस्तेज, तांबूस होतात आणि ओढले की सहज हातात येतात. काही मुलांत एकाच केसावर फिका पट्टा, गडद पट्टा असे आळीपाळीने दिसतात. फिका पट्टा म्हणजे उपासमारीचे महिने, गडद पट्टा म्हणजे पोट भरल्याचे महिने. केस जणू रोजनिशीच लिहीत असतो! मुलाला योग्य आहार मिळू लागला की मुळाशी पुन्हा काळा केस उगवतो. अशा वेळी केस काळे होणे ही केवढी आनंदाची बातमी!

मग गुरुजींनी आणि बाईंनी वर्गात काय पाहावे? मूळ काळे, टोके तांबूस, मूल हसते-खेळते, तर बहुधा उन्हाचा परिणाम. जन्मापासून पिंगट केस, घरात आणखी कोणाचे तसेच, तर वारसा. जन्मतःच केस पांढरे-पिवळट, कातडी फार गोरी, नजर स्थिर नाही, उजेड सोसत नाही, तर रंगद्रव्याचा जन्मजात अभाव. अशा मुलाला पहिल्या बाकावर बसवा, उन्हात उभे करू नका, डोळे तपासून घ्या. आणि पूर्वी काळे असलेले केस मुळापासून फिके होत चालले, मूल मलूल, चिडचिडे, दोन्ही पायांवर सूज, बोट दाबले तर खळगा राहतो, तर एक दिवसही दवडू नका.

सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाचा दंड अंगणवाडीतल्या पट्टीने मोजतात. तो साडेअकरा सेंटीमीटरपेक्षा कमी भरला तर ते तीव्र कुपोषण होय. पाच वर्षांपेक्षा मोठ्या मुलाचे वजन-उंची पाहावी लागते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात 2013 साली आपल्या पालघरमधूनच झाली. त्याचे डॉक्टर शाळांत आणि अंगणवाड्यांत येतात, त्यांना असे मूल आवर्जून दाखवावे. सुजलेल्या मुलाला मात्र घरच्या घरी एकदम भरमसाट खाऊ घालू नये. उपाशी शरीराला तेही झेपत नाही. आधी दवाखाना, मग वैद्याच्या सांगण्याप्रमाणे आहार. बाकी मुलांच्या ताटात रोज डाळ-उसळ, आणि चालत असेल त्या घरी अंडे किंवा सुकट-बोंबील असावे.

आणखी एक विनंती. पिंगट केसांच्या मुलाला ‘केस रंगवून आलास काय रे?’ म्हणून वर्गासमोर उभे करू नका. आधी जवळ बोलवा, केसांचे मूळ पाहा, आणि सकाळी काय खाऊन आलास ते हळूच विचारा. त्या एका प्रश्नाने एखादे मूल वेळेवर दवाखान्यात पोहोचेल.