प्रवाळ-मत्स्यालयाचे जलपरीक्षण : संचांच्या निवडीचा विचार

प्रवाळांच्या मत्स्यालयातील पाणी स्वच्छ दिसणे आणि ते प्रवाळांस मानवणे, ह्या दोन भिन्न गोष्टी होत. जो पालट प्रवाळांचा घात करतो, तो बहुधा डोळ्यांस दिसत नाही. म्हणून ‘टेस्ट किट’ ह्या नावाने मिळणारे परीक्षण-संच जवळ बाळगणे भाग पडते. परंतु कोणता संच घ्यावा ह्याआधी काय मोजावयाचे आणि किती सूक्ष्मतेने मोजावयाचे, ह्यांचा निर्णय झाला पाहिजे.

प्रथम संज्ञांचा घोळ दूर करणे अवश्य आहे. मराठीत ‘क्षारता’ हा शब्द पाण्याच्या खारटपणासाठी योजतात, तसाच अल्कतेसाठीही योजतात. पैकी खारटपणा, म्हणजे लवणता, समुद्राच्या पाण्यात हजारी सुमारे ३५ भाग असते व ती रिफ्रॅक्टोमीटरने मोजता येते. अल्कता म्हणजे आम्लाचे उदासिनीकरण करण्याची पाण्याची शक्ती. ती मुख्यतः बायकार्बोनेटांमुळे येते. तिची परिमाणेही तीन प्रचलित आहेत. लिटरमागे १ मिलीइक्विव्हॅलंट म्हणजेच २.८ जर्मन अंश, म्हणजेच कॅल्शियम कार्बोनेटाच्या रूपात ५० मिलिग्रॅम. समुद्रजलाची अल्कता सुमारे ७ अंश असते. परिमाण न पाहता केवळ आकडा वाचणारा मनुष्य औषधाची मात्रा चुकवितो, आणि त्या चुकीचे प्रायश्चित्त प्रवाळांस भोगावे लागते.

कठीण प्रवाळ आपला सांगाडा रचताना कॅल्शियम व अल्कता ही दोन्ही ठराविक प्रमाणात खर्च करतात : अल्कता २.८ अंशांनी घटते, तेव्हा कॅल्शियम लिटरमागे सुमारे २० मिलिग्रॅमच घटते. समुद्रजलात कॅल्शियम सुमारे ४२० मिलिग्रॅम असल्याने ही घट शेकडा ५ देखील नव्हे. अल्कतेची घट मात्र शेकडा ४० भरते. आता ज्या संचात कॅल्शियमाचा एक थेंब २० मिलिग्रॅम दर्शवितो, त्यात एवढा पालट एका थेंबाचाच दिसेल, आणि तो मोजणाऱ्याच्या हातच्या चुकीतही लपून जाईल. सबब खर्चाची मर्यादा असल्यास पहिला चांगला संच अल्कतेचा घ्यावा हे उघड आहे. त्यातही एका थेंबास एक अंश अशा संचापेक्षा पिचकारीने अंशाचा दशांश वाचता येईल असा संच श्रेयस्कर. कारण ७ अंशांत १ अंशाची चूक शेकडा १४ होते.

नायट्रेट व फॉस्फेट ह्यांची गोष्ट निराळी आहे. येथे रंगाच्या छटा ताडून पाहावयाच्या असतात. नायट्रेटाच्या पुष्कळ संचांत नायट्रेटाचे प्रथम नायट्राइट करून मग रंग उत्पन्न करतात; यास्तव पाण्यात मूळचेच नायट्राइट असल्यास आकडा फुगतो. शिवाय काही संच नायट्रेट सांगतात, तर काही केवळ त्यातील नायट्रोजन. दुसऱ्या आकड्यास ४.४३ ने गुणल्यावाचून पहिल्याशी त्याची तुलना होत नाही. फॉस्फरस व फॉस्फेट ह्यांत हाच गुणक ३.०७ आहे. फॉस्फेटाचे प्रमाण इतके अल्प असते की, फिकट निळ्या छटांतील भेद डोळ्यांस नेमका कळत नाही. ज्यांस रंगभेद नीट ओळखता येत नाहीत त्यांची अडचण तर अधिकच. म्हणून ह्या एका मोजणीसाठी प्रकाशमापक उपकरणाचा खर्च सार्थ ठरतो. मात्र त्याच्या काचनळीवर बोटांचे डाग वा ओरखडे असल्यास तेही फसविते.

गोड्या पाण्याकरिता केलेला संच समुद्रजलास लागू पडेलच असे नाही, हे वेष्टनावर पाहून घ्यावे. मुदत संपलेल्या द्रावणावर विश्वास ठेवू नये. नवा संच आणल्यावर, ज्याचे मूल्य आधीच ज्ञात आहे अशा प्रमाण-द्रावणावर तो पडताळावा आणि एकाच नमुन्याची मोजणी दोनदा करावी. दोन्ही आकडे जुळले तर संच सातत्याचा. ते ज्ञात मूल्याशीही जुळले तर संच अचूकही. हे दोन गुण एक नव्हेत. सातत्य असून अचूकता नसेल, तर चुकीचे अंतर ध्यानात ठेवून काम भागते. सातत्यच नसेल, तर कोणतीही दुरुस्ती उपयोगी पडत नाही.

तात्पर्य, उत्तम संच म्हणजे सर्वांत महाग संच नव्हे. ज्या पालटाने प्रवाळास इजा होते, त्याहून ज्याची चूक लहान, तोच संच निवडीस पात्र होय.