हिंगोलीचा रिसाला

हिंगोलीत रिक्षावाल्याला ‘रिसाला बाजार’ म्हटलं की पुढं काही सांगावं लागत नाही. पलटन, तोफखाना, पेन्शनपुरा, सदर बाजार ही नावंही तशीच गावाच्या तोंडी बसलेली. १९९९ पर्यंत परभणी जिल्ह्यात असलेलं हे गाव १९०३ पर्यंत हैदराबाद कंटिन्जंटची छावणी होतं.

फौज नावाला निजामाची, हुकूम इंग्रज अधिकाऱ्यांचा. खर्च मात्र निजामाच्या गळ्यात. तो थकला आणि १८५३ च्या तहात वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेलं. गंमत अशी की रिसाल्यातले, म्हणजे घोडदळातले, घोडे सरकारी नव्हतेच. घोडा आणि सरंजाम शिलेदाराचा, दाणावैरण त्यानं पगारातून भागवायची. ऐपत नसेल तो दुसऱ्याच्या घोड्यावर बारगीर. आपल्याकडची ही जुनी रीत साहेबानं मोडली नाही, कारण ती त्याच्या सोयीची होती.

छावणीच्या बंदोबस्ताबद्दल मात्र फार बोलू नये. मेडोज टेलर या इंग्रज अधिकाऱ्यानं लिहून ठेवलंय की इथला एक प्रतिष्ठित व्यापारी, हरिसिंग, ठगांचा म्होरक्या निघाला. टेलरचाही त्याच्याशी व्यवहार होता. मारलेल्या वाटसरूंची प्रेतं पहारेकऱ्यांच्या जवळच पुरलेली सापडली.

कंटिन्जंटचे रिसाले एका छावणीतून दुसरीत फिरत असत. १९०३ मध्ये ते हिंदुस्थानी लष्करात सामील झाले आणि हिंगोलीची छावणी उठली. पहिल्या रिसाल्याची झाली ‘२० वी डेक्कन हॉर्स’, दुसऱ्याची ‘२९ वी लान्सर्स’. १९२१ मध्ये दोन्ही एक झाल्या. आजची चिलखती रेजिमेंट ‘डेक्कन हॉर्स’ ती हीच.

१४ जुलै १९१६ च्या संध्याकाळी फ्रान्सात, सोमच्या लढाईत, डेक्कन हॉर्सचे स्वार उभ्या पिकातून भाले रोखून हाय वुड नावाच्या रानाकडं दौडले. दोनच महिन्यांनी, १५ सप्टेंबरला, त्याच रानात इंग्रजांचे रणगाडे शिरले. रणगाडा लढाईत उतरला तो त्या दिवशी पहिल्यांदा. दुसऱ्या महायुद्धात रेजिमेंटचे घोडे गेले, शर्मन रणगाडे आले. १९४५ मध्ये ब्रह्मदेशात मेइक्तिलाच्या लढाईत ते होते.

सप्टेंबर १९६५. पंजाबात असल उत्तरला पाणी सोडून चिखल केलेल्या शेतांत पाकिस्तानचे नवे पॅटन रणगाडे रुतत होते. समोर डेक्कन हॉर्सचे तेच जुने शर्मन, उसाच्या आडोशाला. त्यांच्या पोटात बसलेल्या साध्या जवानाचा हुद्दा होता ‘सवार’, आणि त्याच्या वरचा साहेब रिसालदार.