डावं-उजवं

"आम्ही मुलांमध्ये कधी डावं-उजवं केलं नाही," असं आपण सगळेच आईबाप छातीवर हात ठेवून सांगतो. मुलांना विचारलं तर हिशेब वेगळा निघतो. कुणाला नवी सायकल मिळाली आणि कुणाला दादाची जुनी, हे ती चाळिशीतही विसरत नाहीत.

बायबलच्या पहिल्याच पुस्तकात, 'उत्पत्ती'मध्ये, हा हिशेब पिढ्यान् पिढ्या चालतो. मंडळातल्या ख्रिस्ती कुटुंबांना या गोष्टी संडे स्कूलपासून ठाऊक आहेत. इतर वाचकांनाही त्या घरच्याच वाटतील.

इसहाकाची दोन जुळी मुलं. शिकार करून आणणारा एसाव बापाचा लाडका, घराशी राहणारा याकोब आईचा, रिबकेचा. इसहाकाची नजर गेल्यावर रिबकेने याकोबाच्या हातांवर करडांची कातडी बांधली आणि थोरल्याचा आशीर्वाद त्याला मिळवून दिला. एसाव भावाच्या जिवावर उठला. मग तिनेच याकोबाला आपल्या भावाकडे पाठवलं, थोडे दिवस म्हणून. तो परत निघाला २० वर्षांनी. मायलेकरांची पुन्हा भेट झाल्याचं बायबलमध्ये कुठेही नाही.

एवढं सोसूनही याकोबाने तेच केलं. राहेलीच्या योसेफाला तेवढा त्याने खास झगा करून दिला. इतर भावांना योसेफाशी धड बोलवेना. १७ वर्षांच्या त्या पोराला त्यांनी चांदीच्या २० नाण्यांना विकलं आणि तो झगा बकऱ्याच्या रक्तात बुडवून बापाकडे पाठवला. करडाच्या कातड्याने बापाला फसवणारा याकोब बकऱ्याच्या रक्ताने फसला.

योसेफाला विकायची कल्पना यहूदाची. पुढे मिसर देशात धाकटा बन्यामीन अडकला, तेव्हा हाच यहूदा पुढे झाला. बापाचा जीव या पोरात गुंतला आहे हे त्याने उघड सांगितलं आणि 'त्याच्याऐवजी मला गुलाम म्हणून ठेवा' अशी विनवणी केली. बाप बदलला नव्हता, पण भाऊ बदलला होता. ते पाहून योसेफाला रडू फुटलं आणि त्याने भावांना आपली ओळख दिली.

येशूने सांगितलेली उधळ्या पुत्राची गोष्ट लूकच्या १५व्या अध्यायात आहे. धाकटा परतला, मेजवानी झाली, हे सर्वांच्या लक्षात राहतं. शेतावरून आलेला थोरला मात्र घराबाहेरच थांबला. मित्रांबरोबर मौज करायला मला कधी साधं करडूही मिळालं नाही, ही त्याची तक्रार. बाप मेजवानी सोडून बाहेर गेला, त्याची समजूत घातली आणि जे माझं ते सगळं तुझंच, असं म्हणाला. थोरला आत गेला का, हे येशूने सांगितलेलं नाही.

आता आपल्याकडे वळू. दोन वर्षांनी आपण सुट्टीवर भारतात जातो. आई आठवडाभर आधीपासून चकल्या तळते, शेजाऱ्यांना बोलावते, आणलेली चॉकलेटं कौतुकाने वाटते. त्याच घरात बाबांना तपासणीला नेणारा, रात्री-अपरात्री औषध आणणारा भाऊ किंवा बहीण असते. त्यांच्यासाठी चकल्या कुणी तळत नाही, कारण ती रोजचीच. आपण स्वतःला परदेशात राबणारे समजतो. त्या घरात मात्र लाडाचा झगा आपल्याच अंगावर असतो.

आईवडिलांचं झुकतं माप या वयात बदलणार नाही. बाहेर थांबलेल्या भावंडापाशी जायला मात्र आपल्याला कुणाची परवानगी लागत नाही. पुढच्या फेरीत एक आठवडा भावाला आणि वहिनीला गावाला धाडा, बाबांच्या गोळ्यांचा डबा स्वतःच्या हाती घ्या. जमिनीच्या किंवा फ्लॅटच्या वाटणीची बोलणी त्यानंतर करा.

आणि इथल्या घरातही पाहा: भारतात फोन लावल्यावर आपण कोणत्या मुलाचे मार्क आधी सांगतो? दुसरं तेव्हा शेजारच्या खोलीत असतं आणि त्याला मराठी चांगलं समजतं.