मनगटावरचा हिशेबनीस

गेल्या दिवाळींत पुण्यांतील आमच्या एका स्नेह्यांच्या घरीं जाण्याचा योग आला. फराळाचें ताट पुढें आलें तेव्हां त्यांनीं आधीं डावें मनगट वळवून पाहिलें आणि प्रसन्न मुद्रेनें म्हणाले, “आज सकाळीं चारशें जाळले आहेत. दोन करंज्या आमच्या हक्काच्या!” त्यांच्या सौभाग्यवतींनीं आमच्याकडे पाहून हळूच सांगितलें, “भावजी, हें घड्याळ घरांत आल्यापासून यांचें वजन वाढतें आहे.”

घड्याळ अमेरिकेंतील चिरंजीवांनीं पाठविलेलें. स्नेह्यांस मधुमेहाची सुरुवात झालेली. डॉक्टरांनीं रोज तासभर चालावयास सांगितलेलें. चालण्यांत त्यांनीं एक दिवसही खंड पाडला नव्हता. असें असून तीन महिन्यांत वजन दोन किलो वाढलें आणि रक्तांतील साखरही चढली. तपासणाराचीच कांहीं चूक असावी, असा त्यांचा ग्रह होता. घड्याळाकडे बोट दाखविण्याचें मात्र त्यांच्या मनांत आलें नव्हतें.

या घड्याळाच्या तळाशीं हिरवा दिवा लुकलुकत असतो. रक्त हिरवा प्रकाश शोषून घेतें. हृदयाच्या प्रत्येक ठोक्यासरशीं मनगटांतील रक्त क्षणभर वाढतें, तेव्हां परत येणारा प्रकाश कमी होतो. या चढउतारावरून नाडीचे ठोके समजतात. हात किती व कसा हलला हें सांगणारें आणखी एक सूक्ष्म यंत्र आंत असतें. या घड्याळाचें प्रत्यक्ष मोजणें काय तें एवढेंच. उष्मांक, म्हणजे ज्यांस आपण बोलतांना कॅलरी म्हणतों, ते तें मोजीतच नाहीं. नाडी, हालचाल आणि आपणच भरून दिलेलें वय, उंची, वजन, एवढ्या सामग्रीवरून तें अंदाज करतें. आणि तो अंदाज कोणत्या सूत्रानें केला हें कंपन्या सहसा उघड करीत नाहींत.

उष्मांक खरोखर मोजण्याची विद्या जुनी आहे. १७८० नंतरच्या दशकांत पॅरिस येथें लाव्हाझ्ये आणि लाप्लास यांनीं बर्फानें वेढलेल्या पात्रांत गिनीपिग ठेवून, त्याच्या अंगच्या उष्णतेनें किती बर्फ वितळलें तें मोजलें. श्वासोच्छ्वास हें मंद ज्वलनच होय, असें त्यांनीं त्यावरून ठरविलें. पुढें एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेंत ॲटवॉटर यांनीं माणूस आंत राहूं शकेल अशी बंद खोली बांधून तोच हिशेब मनुष्यदेहाचा केला. आज प्रयोगशाळेंत तोंडावर मुखवटा बांधून प्राणवायु किती खर्च झाला हें पाहतात. एक लिटर प्राणवायु खर्ची पडला म्हणजे सुमारें पांच उष्मांक जळले असें समजावें.

या मुखवट्याशीं मनगटावरचीं घड्याळें ताडून पाहण्याचें काम कॅलिफोर्नियांतील स्टॅनफर्ड विद्यापीठांत झालें. त्याचा निष्कर्ष २०१७ सालीं प्रसिद्ध झाला. ३१ स्त्रिया व २९ पुरुष यांस सात प्रकारचीं घड्याळें बांधून चालावयास, धांवावयास व सायकल मारावयास लाविलें. नाडीच्या बाबतींत सातांपैकीं सहा घड्याळांची चूक ५ टक्क्यांच्या आंत निघाली, ही खरोखर कौतुकाची गोष्ट होय. परंतु उष्मांकांत सर्वांत चांगल्या घड्याळाची चूक सरासरी २७ टक्के आणि सर्वांत वाईटाची ९३ टक्के! घरच्या वाण्यानें मापांत एवढी तफावत केली तर आपण दुसऱ्या दिवशीं दुकान बदलूं. तीं घड्याळें आतां जुनीं झालीं हें खरें. तरी २०२० सालीं नऊ कंपन्यांच्या उपकरणांवरील १५८ निबंध एकत्र तपासले गेले तेव्हांही उष्मांकांच्या कामीं एकही कंपनी अचूक ठरली नाहीं.

याचें कारण असें कीं नाडी आणि खर्च यांचें नातें सरळ नाहीं. वैशाखाच्या उन्हांत, कडक कॉफीनंतर, किंवा नातवाच्या निकालाची वाट पाहतांना नाडी जलद चालते. प्राणवायु कांहीं त्या मानानें जळत नाहीं. भाजीच्या जड पिशव्या घेऊन जिना चढणाऱ्या गृहिणीचा हात स्थिर असतो, त्यामुळें तिचे श्रम घड्याळास पुरते दिसत नाहींत. आणि तीच ओट्याशीं उभी राहून पोळ्या लाटूं लागली कीं त्याला वाटतें, बाई फिरावयास निघाल्या! रक्तदाबावरील कांहीं गोळ्या नाडी मुद्दाम मंद ठेवतात. त्या घेणाराचा हिशेब मुळांतच चुकतो. शिवाय विश्रांतींतील खर्चाचीं जीं जुनीं सूत्रें प्रचारांत आहेत, त्यांतलें सर्वांत प्रसिद्ध १९१९ सालचें हॅरिस व बेनेडिक्ट यांचें; तें १३६ अमेरिकन पुरुष आणि १०३ स्त्रिया यांच्या मोजणीवरून बसविलेलें आहे. अशा पाश्चात्य सूत्रांनीं भारतीयांचा खर्च कांहींसा अधिकच येतो, असें पुढें आढळून आलें.

आतां आमच्या स्नेह्यांचाच हिशेब पाहूं. वजन ७० किलो. स्वस्थ बसलेला माणूस दर किलोस तासाला सुमारें एक उष्मांक खर्च करतो. सपाटीवर तासांत पांच किलोमीटर चालणारा त्याच्या साडेतीनपट. म्हणजे तासाचे झाले २४५. त्यांतले ७० तर खुर्चींत वर्तमानपत्र वाचीत बसूनही गेलेच असते. चालण्याची खरी कमाई १७५. घड्याळ म्हणतें ४००, आणि करंज्या त्या चारशेंच्या हिशेबानें! बरें, टेकडी चढलों म्हणावें, तर ७० किलोचा देह शंभर फूट उचलण्याचें काम भरतें पांच उष्मांकांचें. स्नायूंची चार-पांच भागांतली एकच शक्ति कामास येते, म्हणून खर्च झाला वीस-पंचवीस. एक लहान चमचा तूप, पांच ग्रॅम, धरलें तरी ४५ होतात.

यावरून घड्याळ फेंकून द्यावें असें मात्र आमचें म्हणणें नाहीं. नाडी तें चांगली सांगतें, आणि काल त्याच चढावर जी नाडी १३० होती ती महिन्यानें ११५ वर आली, तर ती प्रगति खरी मानावयास हरकत नाहीं. स्वतःच्या कालच्याशीं आजचें ताडावें. शेजाऱ्याच्या घड्याळाशीं नव्हे. जेवणाचें माप मात्र वजनाच्या कांट्यावर आणि डॉक्टरांच्या कागदावर ठरूं द्यावें. मधुमेह्यानें तर घड्याळाच्या आंकड्यावरून गोळी किंवा इन्शुलिन यांत स्वतःच्या मनानें कधींही फेरफार करूं नये.

हा सारा हिशेब आम्हीं एका कागदावर मांडून स्नेह्यांस दिला. ते हिरमुसले, “म्हणजे आमचे तीन महिने फुकट गेले म्हणावयाचे!” असें बोलूनही गेले. चालणें फुकट गेलें नाहीं, करंज्या जास्त झाल्या, एवढेंच आम्हीं सांगितलें. संक्रांतीस तिळगूळ घ्यावयास गेलों तेव्हां घड्याळ हातावर होतेंच. पण उष्मांकांचा आंकडा त्यांनीं चिरंजीवांस विचारून पडद्यावरून काढविला होता. वजन एक किलो उतरलें होतें. तिळगुळाची एकच वडी उचलून त्यांनीं डबा वहिनींकडे परत दिला. साखरेची तपासणी पुढील महिन्यांत आहे.