एका फॉर्मची एकवाक्यता

डॉक्टर सकाळच्या राउंडला ‘आज घरी सोडतो’ म्हणतात आणि पेशंट संध्याकाळपर्यंत खाटेवरच असतो. विमा कंपनीच्या वतीने क्लेम हाताळणाऱ्या टीपीए डेस्कवर उत्तर ठरलेलं : फायनल अ‍ॅप्रूव्हल यायचंय.

मेडिक्लेम आपल्याकडे १९८६ साली आला, टीपीएंचे नियम २००१ मध्ये झाले. फॉर्म मात्र कंपनीगणिक वेगळे. अखेर २० फेब्रुवारी २०१३ रोजी विमा नियामक ‘इर्डा’ने ४६ संज्ञा आणि ११ गंभीर आजारांच्या व्याख्या बांधून दिल्या. पूर्वपरवानगी, क्लेम, बिल, डिस्चार्ज समरी, सगळ्यांचे नमुने ठरले. क्लेम फॉर्मचा ‘पार्ट ए’ विमेदाराने भरायचा, ‘पार्ट बी’ हॉस्पिटलने. ‘बी’मध्ये मुख्य निदान आणि सोबतचे आजार यांच्यापुढे आयसीडी-१० या आंतरराष्ट्रीय आजार-वर्गीकरणातल्या कोडच्या चौकटी असतात. तीव्र अपेंडिसायटिस म्हणजे के-३५, पेशंट दादरचा असो वा दापोलीचा. या कोडांचं मूळ झाक बर्तियाँ यांनी १८९३ मध्ये मांडलेल्या मृत्यूच्या कारणांच्या यादीत आहे. मेलेल्यांच्या मोजणीसाठी केलेली यादी आता जिवंतांची बिलं पास करते!

२०१३ च्या सूचनांत क्लेममधून वगळायच्या १९९ बाबीही होत्या. पुढे त्यांच्या चार याद्या झाल्या. कंगवा, टूथब्रश, शू कव्हर खोलीभाड्यातच धरायचे. कापूस आणि गॉज शस्त्रक्रियेच्या खर्चात. डायपर आणि कॅरी बॅग बहुधा पेशंटच्या खिशातून. वाद घालायला एवढं पुरेसं आहे.

खरी अडचण बिलाच्या ओळींत आहे. अपेंडिक्सचं दुर्बिणीतून केलेलं ऑपरेशन एका हॉस्पिटलात एका ओळीचं पॅकेज असतं. दुसरीकडे सर्जन, भूलतज्ज्ञ, ओटी, कन्झ्युमेबल्स असं पानभर. आजाराचा कोड जुळतो, खर्च ताडून बघायला आधार नसतो. मग क्वेरी निघते. ‘पार्ट बी’त उपचारासाठीही चौकट आहे, पण तिथे अपेक्षित असलेली आयसीडी-१० पीसीएस ही उपचारांच्या कोडची अमेरिकेत घडलेली पद्धत.

सरकारी योजनांत पैसे देणारा एकच, त्यामुळे तिथे उपचारांची एक यादी ठरवणं लवकर जमलं. २ जुलै २०१२ रोजी महाराष्ट्राच्या आठ जिल्ह्यांत सुरू झालेल्या राजीव गांधी जीवनदायी योजनेत ९७२ उपचार दरासह ठरलेले होते. ते दर परवडत नाहीत, ही हॉस्पिटलांची तक्रार अजून आहे. खासगीत दरांवरून जुलै २०१० मध्ये मोठा खटका उडाला. सरकारी विमा कंपन्यांनी मुंबई, दिल्लीतल्या अनेक बड्या हॉस्पिटलांचं कॅशलेस थांबवलं आणि पॅकेजचे दर ठरवूनच पुढे गेल्या.

आता राष्ट्रीय आरोग्य प्राधिकरणाच्या ‘नॅशनल हेल्थ क्लेम्स एक्स्चेंज’वरून क्लेम एकाच डिजिटल साच्यात पाठवायची सोय झाली आहे. उपचारांची नावं एक झाल्याशिवाय मात्र चुकीचीच माहिती अधिक वेगाने फिरेल.

विमेदाराच्या हातात एक गोष्ट आहे. विमा नियामकाच्या २९ मे २०२४ च्या परिपत्रकानुसार हॉस्पिटलने डिस्चार्जची विनंती पाठवल्यापासून तीन तासांत अंतिम मंजुरी मिळायला हवी. त्यापुढे हॉस्पिटलने जादा आकार लावला तर तो विमा कंपनीने भागधारकांच्या निधीतून भरायचा आहे. तेव्हा विनंती किती वाजता गेली, ते डेस्कवरून लिहून घ्या.