मोबाईलवरची शेतीशाळा आणि खोडव्यातील पहार



अलीकडे शेतकी गट कार्यालयात येणाऱ्या सभासदांच्या तोंडी एक वाक्य हमखास असते, "साहेब, मी मोबाईलवर बघितलंय." पूर्वी हेच वाक्य "पाडेगावला बघितलंय" किंवा "मांजरीला बघितलंय" असे असायचे. त्यासाठी एस.टी.चा प्रवास करावा लागे, शिवारफेरीचा दिवस गाठावा लागे. २०१६ नंतर मोबाईलचे इंटरनेट स्वस्त झाले आणि शिवारफेरीच बांधावर आली. आम्हास याचे कौतुकच वाटते.

खरे सांगायचे तर प्रात्यक्षिकाला पन्नास माणसे जमली की पुढच्या रांगेला सांगणाऱ्याचे हात दिसतात आणि मागच्यांना नुसत्या टोप्या. भगिनी तर बहुधा त्याच्याही मागे. व्हिडिओत प्रत्येकजण पहिल्या रांगेत असतो. शिवाय तो थांबवता येतो, मागे नेता येतो, आणि तेच तिसऱ्यांदा विचारायचा संकोच नाही. एक डोळा पद्धतीची रोपे करताना डोळा वरच्या अंगाला ठेवून कांडी ट्रेमध्ये कशी बसवायची, हे आमच्या भागातील कित्येक भगिनींनी असेच पाहून उचलले. ५ बाय २ फुटांवर एकरी ४,३५६ रोपे लागतात, त्यामुळे हात बसलेला असणे किती गरजेचे ते सांगायला नको.

पण पाहिलेले सगळेच हातात उतरते असे नाही. खोडव्याला पहारीने खत देण्याचे उदाहरण घेऊ. पाचट न जाळता सरीत ठेवले की वरून फेकलेले खत पाचटावरच पडून वाया जाते. म्हणून बुडख्यापासून १० ते १५ सें.मी. अंतरावर, तितकेच खोल छिद्र पहारीने घ्यायचे, खत टाकायचे आणि मातीने बुजवायचे. दोन छिद्रांत ३० सें.मी. अंतर. पहिला हप्ता तोडणीनंतर १५ दिवसांच्या आत सरीच्या एका बाजूला, दुसरा १३५ दिवसांनी विरुद्ध बाजूला. तीन मिनिटांच्या व्हिडिओत हे सगळे येते.

येत नाही ते वेगळेच. एका सभासदाने असा व्हिडिओ चार-पाच वेळा पाहिला आणि एकदम सबंध एकराला माणसे लावली. रान काळे, वाफसा येऊन उलटून गेलेला. पहिल्या सरीत छिद्रे बरोबर पडली. दुपारनंतर हात भरून आले, छिद्र चार बोटांवर आले, बुजवायचे राहू लागले. संध्याकाळी आम्ही गेलो तेव्हा युरियाचे दाणे वरच दिसत होते. "व्हिडिओत तर सोपं दिसत होतं," असे ते म्हणाले, आणि त्यात खोटे काही नव्हते.

शिकागो विद्यापीठातील मायकेल कार्डस व एड ओब्रायन यांनी २०१८ मध्ये नेमकी हीच गोष्ट तपासून प्रसिद्ध केली. नेमबाजीचे छोटे बाण फेकण्याचा व्हिडिओ काहींना एकदा आणि काहींना २० वेळा दाखवला. वीसदा पाहणाऱ्यांना आपला नेम चांगला लागेल असे जास्त वाटले. प्रत्यक्षात तो एकदा पाहणाऱ्यांपेक्षा चांगला लागला नाही. पाहून क्रम कळतो, वजन कळत नाही. वाफसा तर मूठभर माती दाबून पाहिल्याशिवाय कुणालाच कळलेला नाही.

दुसरी अडचण आकड्यांची. सुरू उसाला हेक्टरी २५० किलो नत्राची शिफारस आहे. हे एकरी १०० किलो नत्र, म्हणजे सुमारे २१७ किलो युरिया, ४५ किलोच्या पाच गोण्यांना थोडा कमी. बोलणारा घाईत नुसते "अडीचशे किलो" म्हणून पुढे जातो. ते हेक्टरचे की एकराचे, नत्राचे की युरियाचे, हे ऐकणाऱ्याने ठरवायचे! उत्तरेकडचे व्हिडिओ तर बिघ्यात बोलतात, आणि बिघा तिकडे जिल्ह्याजिल्ह्याला वेगळा.

उत्तरेवरून आठवले, को ०२३८ या वाणाचे उंच, जाड ऊस व्हिडिओत पाहून "हे बेणं मिळेल का?" असे बरेचजण विचारतात. डॉ. बक्षी राम यांचा हा वाण २००९ मध्ये वायव्य भारतासाठी प्रसारित झाला आणि उत्तर प्रदेशात त्याने उताऱ्यात मोठी वाढ करून दिली, हे खरे. परंतु पुढे तो लाल कुज रोगाला मोठ्या प्रमाणावर बळी पडला व तिथल्या शेतकऱ्यांना तो बदलावा लागत आहे. जुना व्हिडिओ मात्र अजून तसाच हिरवागार फिरतो. लाल कुज बेण्यातून येते. हौसेने आणलेली एक गाडी बेणे अख्ख्या शिवाराला महागात पडेल. याबाबत आम्ही कोणाचाही मुलाहिजा ठेवणार नाही.

व्हिडिओ जरूर पाहावा, पण पहार जवळ ठेवून. थोडे पाहावे, थांबवावे, तेवढेच दोन सऱ्यांत करावे, मग पुढचे पाहावे. आणि शेवटी बाटलीचे नाव व फोन नंबर आला, तर आधीचे सगळे परत एकदा संशयाने पाहावे.

येत्या हंगामात खोडवा ठेवू इच्छिणाऱ्या सभासदांनी ऊस तुटण्यापूर्वी गट कार्यालयात नाव द्यावे. पहारीचे प्रात्यक्षिक सभासदाच्याच रानात, वाफसा पाहून घेतले जाईल व पहार प्रत्येकाच्या हाती दिली जाईल. ज्यांचा हात बसला आहे अशा जुन्या सभासदांनी अवश्य यावे आणि घरातले मोबाईल चालवणारे पोर बरोबर आणावे, म्हणजे त्यांचे काम आपल्याच मातीत, आपल्याच बोलीत टिपून ठेवता येईल. भगिनींना या वेळी पुढची रांग राखून ठेवली आहे.